निवासी डॉक्टरची मुलाखत आणि नीतीचे प्रश्न



बेंबळीसारख्या गावच्या शाळेत शिकलेला मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. २०२२ साली जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि वैद्यकीय शिक्षण जिल्ह्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. एम.बी.बी.एस. झाल्यावर ज्याला विशेषज्ञ व्हावयाचे असते, त्याला पुढील काही वर्षे रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करावे लागते. भारतात या जागा मुख्यतः ‘नीट-पीजी’ परीक्षेच्या गुणांवर भरल्या जातात. तेथे मुलाखत नसते. अमेरिकेत मात्र मुलाखत दिल्यावाचून निवासी डॉक्टरची जागा मिळत नाही. उमेदवार रुग्णालयांचा पसंतीक्रम देतो, रुग्णालये उमेदवारांचा देतात आणि मार्च महिन्यात या दोन्ही याद्यांचा मेळ जाहीर होतो. इंग्लंडमध्येही अनेक विषयांच्या प्रशिक्षणासाठी मुलाखत द्यावी लागते. महाराष्ट्रातील अनेक तरुण डॉक्टर दरवर्षी या मुलाखतींना सामोरे जातात. शरीरशास्त्राचे किंवा औषधांचे प्रश्न त्यांना फारसे अडवीत नाहीत. अडवितात ते नीतीचे प्रश्न.

या विषयाचा ग्रामपंचायतीच्या सभासदांशी, शिक्षकांशी आणि अधिकाऱ्यांशी काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. संबंध निकटचा आहे. परदेशातील मुलाखत मंडळ जे प्रश्न काल्पनिक प्रसंग रचून विचारते, तेच प्रश्न येथील डॉक्टरला रुग्णालयाच्या दारात, रात्री दोन वाजता, गर्दीसमोर विचारले जातात. आणि विचारणाऱ्यांत पुष्कळदा गावचे पुढारीच असतात.

परीक्षा कशाची असते?

वैद्यकाचा शिष्य पारखून घ्यावा, हा विचार नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरूने शिष्याचे गुण कसे तपासावेत, हे सांगितले आहे. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर बोलू नये, हा दंडकही तेथेच घातलेला आहे. आधुनिक मुलाखत मंडळाचा हेतू याहून फार वेगळा नाही. उमेदवाराला कायद्याची कलमे पाठ आहेत की नाहीत, हे त्याला पाहावयाचे नसते. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या असता हा मनुष्य विचार कसा करतो, घाबरतो काय, दुसऱ्यावर चटकन ठपका ठेवतो काय, आणि अखेरीस निर्णय घेतो की टाळतो, हे त्याला पाहावयाचे असते.

म्हणून उत्तराला क्रम असावा. प्रथम हकीकत पुरती समजून घ्यावी. जे ठाऊक नाही ते विचारून घ्यावे. दुसरे, रुग्णाला या घटकेला धोका असेल तर तो आधी दूर करावा, वादविवाद मागाहून. तिसरे, कायदा आणि रुग्णालयाचा नियम काय सांगतो, ते पाहावे. चौथे, चार तत्त्वांच्या कसोटीवर प्रसंग घासून पाहावा. १९७९ साली बोशांप व चिल्ड्रेस या अमेरिकन अभ्यासकांनी ती आपल्या ग्रंथात मांडली आणि आज ती जगभर वापरली जातात: रुग्णाच्या इच्छेचा मान, रुग्णाचे हित, अपाय न करणे आणि न्याय. पाचवे, वरिष्ठांचा सल्ला घ्यावा आणि जे केले त्याची नोंद ठेवावी. शेवटी आपला निर्णय स्पष्ट सांगावा आणि त्याची जी किंमत पडेल तीही सांगावी. पाठ केलेली तत्त्वे नुसती म्हणून दाखविणारा उमेदवार मंडळाला लगेच ओळखू येतो. हा क्रम प्रत्यक्ष प्रसंगांत कसा उतरतो, ते पाहणे म्हणूनच अधिक उपयोगाचे.

एका शब्दाची किंमत

कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी रुग्णालयात आणला जातो. भाऊ डॉक्टरला बाजूला घेऊन म्हणतो, “डॉक्टरसाहेब, फवारणी करताना वाऱ्याने औषध तोंडात गेले, असे लिहा.” मराठवाड्यातील डॉक्टरला हा प्रसंग सांगावा लागत नाही. भावाच्या विनंतीमागे लोकलज्जा असते, पोलिसांचे भय असते आणि पैशाचा प्रश्नही असतो. शेतकऱ्यांसाठीच्या अपघात अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. आत्महत्या त्या योजनेत बसत नाही. पात्र ठरलेल्या शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणी शासनाकडून एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. म्हणजे केसपेपरावरील एका शब्दाने कुटुंबाचे भवितव्य हलते.

येथे कठोर उमेदवार म्हणतो, “मी खोटे लिहिणार नाही”, आणि थांबतो. मवाळ उमेदवार म्हणतो, “गरिबाचे भले होत असेल तर काय बिघडले?” दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. प्रथम उपचार: पोट, श्वास, ॲट्रोपिन. त्यानंतर नोंद. डॉक्टरने आपल्याला काय दिसले ते लिहावे, रुग्णाने व नातेवाइकांनी काय सांगितले ते त्यांच्या नावावर आणि त्यांच्याच शब्दांत लिहावे आणि पोलिसांना रीतसर कळवावे. विष कसे पोटात गेले याचा निवाडा करणे हे चौकशीचे काम आहे, डॉक्टरचे नव्हे. जे पाहिले नाही ते पाहिले म्हणून लिहिणे जसे खोटे, तसेच ऐकलेले दडपणे हेही खोटेच.

परंतु सत्यनिष्ठेला माणुसकीची जोड हवी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच सामान्यतः गृहीत धरावयाचे असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा म्हणून ठेवलेला नाही. हे कुटुंबाला समजावून सांगितले की पोलिसांचे निम्मे भय ओसरते. वाचलेल्या रुग्णाची मानसोपचार तज्ज्ञाशी गाठ घालून देणे, साहाय्यासाठी तहसील कार्यालयाची वाट दाखविणे, ही सत्य नोंदीनंतरची कर्तव्ये होत. असे उत्तर देणारा उमेदवार नियम जाणतो आणि माणूसही जाणतो, हे मंडळाच्या ध्यानात येते.

आजार कोणाचा, उत्तर कोणाला?

दुसरा प्रसंग कर्करोगाचा. या भागातील कर्करोगाचे अनेक रुग्ण बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात जातात. बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण लोकसंख्येची कर्करोग नोंदणी सुरू झाली; ग्रामीण भागातील अशी ती देशातील पहिलीच. आईला कर्करोग झाल्याचे निदान होते आणि मुलगा म्हणतो, “आईला सांगू नका, ती खचेल.” या विनंतीत कपट नाही, माया आहे. ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेल्या तरुण डॉक्टरला ती सहज पटते.

पण हाच प्रसंग मुलाखतीत आला आणि उमेदवाराने “घरच्यांना सांगेन, रुग्णाला सांगणार नाही” असे उत्तर दिले, तर रुग्णाच्या इच्छेला येथे स्थान नाही, असा मंडळाचा ग्रह होतो. उलट, मुलाला बाजूला सारून आईच्या कानावर निदान आदळणे हीही सेवा नव्हे. यावर सरळ उपाय आहे: आईलाच विचारावे. “तपासणीत जे निघेल ते तुम्हाला सांगायचे की मुलाला? किती सांगायचे?” आई म्हणाली, “मुलाला सांगा, तो बघेल”, तर ती तिची इच्छा आहे आणि ती पाळावी. ती म्हणाली, “मला सांगा”, तर कोणत्याही मुलाला ते अडविण्याचा अधिकार नाही. कुटुंबाची माया आणि रुग्णाचा हक्क हे परस्परांचे शत्रू नाहीत, हे अशा उत्तरातून दिसते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देताना उमेदवार पुष्कळदा रुग्णाचे वय, जात, गाव, व्यवसाय असा सारा तपशील सांगून मोकळा होतो. लहान गावात एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. गोपनीयतेच्या प्रश्नाचे उत्तर देतानाच गोपनीयता मोडणारा उमेदवार आपल्याच उत्तरावर पाणी ओततो.

जिल्ह्याने जगाला दिलेला प्रश्न

तिसरा प्रसंग काल्पनिक नाही. तो याच जिल्ह्यात घडला आणि जगभर चर्चिला गेला. १९९९ साली त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तीत सहभाग होता. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, ५२ गावसमूह आणि चार गट, अशी तिची मांडणी होती. एका गटाची विषाणूची म्हणजे ‘एचपीव्ही’ चाचणी झाली, दुसऱ्याची पेशींची तपासणी, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाची तपासणी चाचणीतर्फे केली गेली नाही. तपासणी कोठे करून घेता येईल याची माहिती तेवढी त्या स्त्रियांना दिली गेली.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणू चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर तुलनेच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे सिद्ध झाले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक तपासणीसाठी विषाणू चाचणीचीच शिफारस केली. उस्मानाबादच्या स्त्रियांनी जगातील स्त्रियांना दिलेले हे दान आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पण मग प्रश्न उभा राहिला. पेशींच्या तपासणीचा उपयोग श्रीमंत देशांत अनेक दशके ठाऊक असताना, हजारो स्त्रियांचा एक गट तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय? टीकाकार म्हणाले की त्या स्त्रियांना टाळता येण्याजोग्या धोक्यात ठेवले गेले. समर्थकांचे म्हणणे असे की त्या काळी देशात संघटित तपासणीची सोयच नव्हती. त्यामुळे कोणाकडूनही काही काढून घेतले गेले नाही आणि ग्रामीण परिस्थितीत कोणती चाचणी खरोखर जीव वाचविते, हे तुलनेवाचून कळले नसते. या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पेशी तपासणी आणि डोळ्यांनी पाहणी या दोन्ही गटांत या चाचणीत मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत.

मुलाखतीत हा विषय निघाल्यास घाईने कोणालाही दोषी किंवा निर्दोष ठरवू नये. दोन्ही बाजू नेमकेपणाने मांडाव्यात आणि मग आपले मत द्यावे. ‘नेहमीची सेवा’ म्हणजे जेथे काहीच मिळत नाही तेथील ‘काहीच नाही’, असे मानावयाचे काय, हा या वादाचा गाभा आहे. शिवाय, ज्या बाईने संमतीचा अंगठा उठविला, तिला आपण कोणत्या गटात आहोत आणि त्याचा अर्थ काय, हे कितपत उमगले होते, हाही विचार त्यात यावयास हवा. संमतिपत्रावरील अंगठा ही संमतीची खूण आहे, संमती नव्हे.

थोडे आणखी

वरिष्ठ चुकत असल्याचे दिसले तर काय कराल, हा प्रश्न हमखास येतो. रुग्णाला इजा होणार असेल तर त्याच क्षणी, पण आदराने, थांबविणे. नंतर एकांतात बोलणे. आणि चूक पुन्हा घडत असेल तर नेमलेल्या मार्गाने वर कळविणे, असा क्रम योग्य. मित्राला वाचविण्यासाठी गप्प राहणे आणि वर्तमानपत्राकडे धावणे ही दोन टोके टाळावीत. साधने थोडी आणि जखमी फार, असाही प्रसंग विचारला जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांना तो प्रत्यक्ष दाखविला. अशा वेळी ओळख, हुद्दा किंवा आरडाओरडा पाहून नव्हे, तर कोणाचा जीव तातडीच्या उपचाराने वाचू शकेल हे पाहून क्रम लावावयाचा असतो.

गावाचा वाटा

२०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काम करणे बंधनकारक झाले. मोठ्या शहरात शिकणारा निवासी डॉक्टर अशा रीतीने जिल्ह्यात येतो. त्याला येथे काय अनुभव येतो, यावर त्याची नीती बरीच अवलंबून राहते. रजेसाठी खोटा दाखला, मारामारीतील जखम वाढवून लिहिण्याचा आग्रह, गर्भाचे लिंग विचारण्याची चाचपणी, या मागण्या वरून येत नाहीत. त्या गावातूनच येतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात प्रथम, १९८८ साली, कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात तरी ही चाचपणी शोभत नाही.

म्हणून ग्रामपंचायतीच्या सभासदांनी डॉक्टरकडे खोट्या कागदासाठी शब्द टाकू नये, आणि ज्याने तो नाकारला त्याच्या पाठीशी उभे राहावे. अधिकाऱ्यांनी सरळ नोंद करणाऱ्या डॉक्टरला चौकशीच्या फेऱ्यात एकटे सोडू नये. शिक्षकांनी वरच्या वर्गांत असे प्रसंग चर्चेला घ्यावेत. “तू काय केले असतेस?” असे विचारून मुलाला दोन्ही बाजू मांडायला लावाव्यात, बरोबर उत्तर सांगण्याची घाई करू नये. पुढे त्या वर्गातील एखादी मुलगी मुलाखतीच्या मेजासमोर बसेल किंवा रात्रपाळीला रुग्णालयाच्या दारात उभी राहील, तेव्हा विचार करण्याची ही सवयच तिच्या कामी येईल.