तपासणी पायाची, साथ हातांची
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)





मधुमेह, कंबरदुखी, हातापायांना येणाऱ्या मुंग्या अशा तक्रारींसाठी आपणांपैकी अनेकांनी ‘नर्व्ह कंडक्शन’ तपासणी करून घेतली असेल. तीत त्वचेवरून नसेला विजेचा सौम्य झटका देऊन स्नायूचा प्रतिसाद किती वेळात येतो, हे मोजतात. निरोगी हाताच्या नसेतून संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर वा त्याहून अधिक वेगाने धावतो.

पन्नाशीतील एक गृहस्थ माझ्याकडे आले. आधीच्या तपासणीत पोटरीचा एक प्रतिसाद मिळाला नव्हता. “डॉक्टरसाहेब, माझी नस मेली का हो?” असे त्यांनी विचारले. निजताच भीतीने त्यांनी पावले वर ओढून ताठ धरली. मी पाय सैल सोडावयास सांगितले. मग दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने बाहेर ओढावयास लावली. त्याच क्षणी झटका दिला आणि पडद्यावर लहर उमटली!

यात चमत्कार काहीच नाही. जर्मन शास्त्रज्ञ पॉल हॉफमन यांनी १९१० साली वर्णिलेला हा प्रतिसाद गुडघ्यामागून मेरुरज्जूपर्यंत जातो व तेथून पोटरीकडे परततो. या फेरीस सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. पाऊल वर ओढणारे स्नायू आवळले की मेरुरज्जू पोटरीच्या स्नायूला आवर घालतो, प्रतिसाद दबतो. उलट हात ओढले वा दात आवळले की मेरुरज्जूतील चेतापेशी अधिक सज्ज होतात. गुडघ्यावर हातोडी मारताना ही युक्ती हंगेरीचे वैद्य येंड्रासिक यांनी १८८५ मध्येच सांगितली होती.

मात्र एक मर्यादा ध्यानी घ्यावी. हात ओढल्याने नसेचा मूळ वेग वाढत नाही. बदलतो तो मेरुरज्जूपर्यंत जाऊन येणारा प्रतिसाद. नस खरोखर तुटली असेल, तर कोणतीही युक्ती तिला बोलते करू शकत नाही. तसेच साठीनंतर हा प्रतिसाद निरोगी माणसातही कधी आढळत नाही. म्हणून एका नोंदीवरून खचून जाऊ नये, आणि दुखणे अंगावरही काढू नये.

तपासणीच्या वेळी अंग सैल ठेवावे. मुठी, दात वा पावले नकळत आवळली असतील, तर तसे सांगावे. डॉक्टरांनी हात ओढावयास सांगितले, तर संकोच न करता ओढावेत. त्या गृहस्थांच्या मुंग्यांवर उपचार पुढे झालेच. परंतु नस मेल्याचे भय मनात घेऊन ते घरी गेले नाहीत, याचे मला समाधान आहे.