निळूभाऊंचे देणे

(निळू फुले यांच्या स्मृतिदिनानिमित्त दिलेले भाषण)



निळू फुले यांचे १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निधन झाले. ज्या माणसाला पडद्यावर पाहून खेड्यापाड्यांतील आयाबहिणी बोटे मोडीत, त्याच माणसासाठी त्या दिवशी महाराष्ट्र हळहळला. या विसंगतीचा उलगडा त्यांच्या अभिनयात जितका आहे तितकाच त्यांच्या जीवनात आहे.

पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत. महिन्याचा पगार ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. मिळकतीचा आठवा हिस्सा चळवळीला देणारे धनिक किती सापडतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. स्वतःची रोपवाटिका काढण्याचे त्यांच्या मनात होते, परंतु भांडवलाअभावी ते राहून गेले. सेवा दलाच्या कलापथकात घडलेला हा कलावंत 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने गाजला आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'मधून चित्रपटात आला.

'सामना'मधील हिंदुराव पाटील आठवा. जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. हिंदुरावाला आवाज चढवावा लागत नाही. उसाला पाणी, सोसायटीचे कर्ज, कारखान्यातली नोकरी या साऱ्यांच्या नाड्या ज्याच्या हाती, त्याने हळू बोलले तरी गावाला ऐकू जाते. सहकारातून उभी राहिलेली संपत्ती मूठभरांची सत्ता कशी बनते, हे अर्थशास्त्राच्या ग्रंथांना जे सांगता आले नाही, ते निळूभाऊंच्या त्या थंड नजरेने सांगितले. सत्तेची ही रीत त्यांनी खालच्या पायरीवरून न्याहाळली होती. म्हणूनच १९७९ च्या 'सिंहासन'मधला हताश पत्रकार दिगू टिपणीसही त्यांनी तितक्याच समजुतीने उभा केला.

परंतु त्यांचे खरे देणे रंगमंचाबाहेरचे आहे. श्रीराम लागू, नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसमवेत त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी कष्ट उपसले. आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग घेऊन नामवंत कलावंत गावोगाव हिंडले आणि निधी जमवला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे, हा त्यामागचा हेतू होता.

या कल्पनेतील अर्थशास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. कार्यकर्त्याच्या त्यागाचे आपण गोडवे गातो. त्या त्यागाची किंमत मात्र त्याची पत्नी, मुले आणि म्हातारे आईवडील चुकती करीत असतात. समाज फुकटात सेवा घेतो आणि हारतुऱ्यांत तिची फेड करतो. निळूभाऊंनी हा व्यवहार अन्यायाचा मानला. मानधन हे दान नव्हे, ते समाजाकडून येणे असलेले ऋण आहे, असा या निधीच्या नावाचाच अर्थ आहे.

आज किती कार्यकर्ते घरखर्चाच्या विवंचनेने चळवळ सोडून जातात! त्यांना निष्ठेचे पाठ देण्यापूर्वी आपल्या शाखेने त्यांच्या चुलीची चौकशी केली आहे काय? ८० रुपयांतले १० रुपये देणाऱ्या माळ्याच्या स्मृतीला अभिवादन करताना प्रत्येकाने आपल्या मिळकतीतला हिस्सा ठरवावा आणि तो दरमहा, न चुकता द्यावा.