कढईंतल्या तेलाची मेणबत्ती

नेसरीचें नांव निघतांच 1674 च्या फेब्रुवारींत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार जेथें धारातीर्थीं पडले ती खिंड आपणांस आठवते. आज मात्र मी आपणांस तेथील स्वयंपाकघरांत नेणार आहें. दिवाळीच्या चकल्या-कडबोळीं तळून झालीं कीं कढईंत काळपट तेल उरतें. पुण्या-मुंबईच्या घरांतहि हाच प्रकार. टाकवत नाहीं म्हणून तें फोडणीला ठेवण्यांत येतें. काटकसर हा मोठा गुण खरा. पण येथें ती प्रकृतीच्या मुळावर येते.

तेल वारंवार तापलें म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होतो आणि 'ध्रुवीय' म्हणून ओळखले जाणारे अपायकारक पदार्थ त्यांत सांचतात. ज्या तेलांत ते शेंकडा 25 हून अधिक झाले, तें आपल्या देशांत 1 जुलै 2018 पासून खाण्यास वर्ज्य ठरलें आहे. घरीं मोजण्याचें साधन नसतें. परंतु तेल दाट झालें, फेंसाळूं लागलें, कीं त्याचा मोह सोडावा. मोरींतहि ओतूं नये, नळ तुंबतात.

मग त्याची मेणबत्ती कां करूं नये? अडचण एकच : शेंगदाण्याचें तेल थिजत नाहीं. शेव्रल या फ्रेंच रसायनज्ञानें चरबींतील घट्ट व पातळ अम्लें वेगळीं ओळखलीं आणि 1825 सालीं गे-लुसाक यांच्यासह घट्ट अम्लांच्या मेणबत्तीचें पेटंट घेतलें. आपल्या कढईंत पातळ भागच फार. तेव्हां घट्ट भाग बाहेरून घालावा लागतो. तो म्हणजे स्टीअरिक अम्ल. सुमारें 69 अंशांवर तें वितळतें.

तेल दुहेरी फडक्यांतून गाळावें. मीठ-पीठ राहिल्यास वात गुदमरते, पाणी राहिल्यास तडतडते. मग तेलाच्या वजनाइतकें स्टीअरिक अम्ल घालून, उकळत्या पाण्यांत ठेवलेल्या पातेल्यांत तें विरघळवावें. पातेलें पोलादी असावें. तांब्या-पितळेला हें अम्ल खातें व हिरवा कळंक चढतो. उतरविल्यावर, मिश्रण गढुळूं लागण्याच्या बेतांत, गवती चहाच्या किंवा वाळ्याच्या तेलाचे थेंब घालावे. चुलीवर घातल्यास सुगंध स्वयंपाकघरांतच उडून जातो. सुती वात धरून जाड कांचेच्या पेल्यांत ओतावें. मासे तळलेल्या तेलाच्या वाटेस मात्र जाऊं नये. त्या वासापुढें वाळाहि हात टेकतो!

इतका खटाटोप नको असेल त्यानें गाळलेलें तेल सरळ पणतींत घालावें. मला स्वतःला तीच बरी वाटते. तेलानें पेट घेतलाच तर त्यावर पाणी मुळींच ओतूं नये, भांड्यावर झांकण घालावें. पहिली मेणबत्ती अंगणांत लावून पाहावी. काजळी धरूं लागली तर वात थोडी कातरावी.