पाळी, लस आणि आपली प्रतिकारशक्ती

(हिंगोली जिल्ह्यातील बचत गटांच्या बैठकीतील भाषण)



एप्रिल २०२१ आठवतो ना? १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कोरोनाची लस खुली होणार होती. तेवढ्यात मोबाइलवर निरोप फिरला : पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस बाईने लस घेऊ नये, त्या दिवसांत तिची प्रतिकारशक्ती कमी असते. सरकारने तो निरोप खोटा असल्याचे लगेच जाहीर केले. पण हिशेब करून पाहा. आधीचे पाच, नंतरचे पाच आणि मधले पाळीचे दिवस. म्हणजे जवळजवळ अर्धा महिना बाई लसीला बाद! विटाळाच्या जुन्या नियमालाच विज्ञानाचे लुगडे नेसवले होते.

मग खरे काय? पाळीचक्राचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध आहेच. पाळीनंतर इस्ट्रोजेन वाढते. रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांना ते सहसा बळ देते. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते, ते हा लढा जरा सौम्य करते. गर्भ राहिलाच तर शरीराने त्याला परका समजून हाकलू नये, म्हणून ही सोय. गर्भ राहिला नाही की अस्तर सुटते. ते साफ करायला, आतली जखम भरायला पांढऱ्या पेशी गर्भाशयात कामाला लागतात. ज्या दिवसांत आपल्याला बाहेर बसवतात, त्या दिवसांत आत असे दुरुस्तीचे काम चालू असते. या चढउताराने बाई दुबळी होत नाही. काही जणींचा दमा मात्र पाळीच्या तोंडावर वाढतो. त्यांनी ते डॉक्टरांना सांगायलाच हवे.

दुसरी बाजूही पाहा. लसीच्या मोठ्या चाचण्यांत बायकांना पाळीबद्दल विचारलेच नव्हते. तक्रारी वाढल्यावर अमेरिकेत सुमारे चार हजार जणींच्या नोंदी तपासल्या. २०२२ साली निष्कर्ष छापून आला : लसीने चक्र लांबले, पण सरासरी एका दिवसाहूनही कमी, आणि तेही तात्पुरते. हे आधीच विचारले असते, तर अफवेला जागा उरली असती का?

आपली प्रतिकारशक्ती खरी खचते ती रक्त कमी असल्याने. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. लोह कमी पडले की लढणाऱ्या पेशीही कमजोर होतात. त्यात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खायचे, आणि अंगावरून जास्त गेले तरी 'बाईच्या जातीला हे असायचंच' म्हणत हळदीच्या, कापसाच्या रानात राबायचे!

म्हणून तीन कामे करू. पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू, लपवून नाही. सात दिवसांहून जास्त रक्त गेले, गाठी पडल्या, तासाला कापड बदलावे लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घेऊ. बाराच्या खाली असेल तर उपचार मागू. आणि कोणतेही नवे औषध, नवी लस आली की विचारू : बायकांच्या पाळीचे काय पाहिलेत?