साधी इंग्रजी, ताठ मान
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. 'द बुद्धा अँड हिज धम्म' १९५७ साली निघाला. दोन्ही मूळ इंग्रजीत. आणि आपण? दोन ओळींच्या अर्जासाठी पैसे देऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहतो! आम्ही गिरणीत राबणारी माणसं, शाळा अर्ध्यावर सुटलेली. पाळी संपल्यावर डिक्शनरी आणि पेपर घेऊन बसलो, त्यातून जे हाती लागलं तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट शब्दांच्या जागेची. 'मी चहा पितो' यात क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं, 'आय ड्रिंक टी'. मराठी वाक्यातल्या शब्दाला शब्द ठेवत गेलं की गाडी अडलीच.

दुसरी गोष्ट, 'डिड' आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात ठेवा. 'डिड यू गो?' म्हणा, 'डिड यू वेंट' नव्हे. भूतकाळ 'डिड'ने एकदा सांगितला, पुन्हा कशाला?

तिसरी, 'आय अ‍ॅम हॅविंग टू चिल्ड्रन' हे सर्रास ऐकू येतं. मुलं, घर, ताप, यांना नुसतं 'हॅव' पुरे. 'आय हॅव टू चिल्ड्रन.'

चौथी नोकरीच्या अर्जाची. कधीपासून हे सांगायचं तर 'सिन्स', किती काळ हे सांगायचं तर 'फॉर'. 'आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स २०१५', किंवा 'फॉर फाइव्ह इयर्स'.

आता मुख्य मुद्दा. आपले अर्ज 'आय बेग टू स्टेट' असे सुरू होतात. हा साहेबाच्या कचेरीतला जुना रिवाज. पण 'बेग' म्हणजे याचना करणे, भीक मागणे. हक्काची रजा, हक्काचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती मागताना याचना कशाला? 'प्लीज ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज.' नम्रही आहे, स्पष्टही आहे. आधी काय पाहिजे ते लिहा, मग कारण, मग तारखा आणि सोबत जोडलेले कागद. एका वाक्यात एकच गोष्ट. अवघड शब्द घातले म्हणजे अर्ज वजनदार होतो, हा गैरसमज आहे.

आणि सहीचं ध्यानात ठेवा. 'व्हॉलंटरी' म्हणजे स्वखुशीने. 'फुल अँड फायनल' म्हणजे हिशेब पुरता मिटला, आता मागणं नाही. हे शब्द न कळता सह्या करून किती कामगार पुढे हात चोळत बसले! कागद कळल्याशिवाय सही नको. 'वाचून उद्या देतो' म्हणायला लाजू नका.

माता-भगिनींनो, कोणी हसेल म्हणून गप्प बसू नका. दर रविवारी वही घेऊन विहारात या. आठवड्याला पाच वाक्यं, एक अर्ज. मुलांनी आईला शिकवावं, आईने शेजारणीला. पुढच्या वर्धापन दिनापर्यंत आपल्या वस्तीतला अर्ज आपल्याच हाताने लिहिलेला असला पाहिजे.

जय भीम! जय भारत!