आवाज काढणं आणि आवाज देणं
(जळगाव येथे वसंत व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

घरातली मुलगी बोबडं बोलून दाखवू लागली की आपण म्हणतो, 'छान आवाज काढते हं!' आजचं सगळं भांडण या 'काढते'शी आहे. मेघना एरंडे आवाज काढत नाहीत, आवाज देतात.

तुमच्या नातवंडांचा तो जपानी कार्टूनमधला छोटा निंजा, हातोडी, हिंदीत बोलला तो या मराठी अभिनेत्रीच्या आवाजात. कार्टूनमधला नॉडीही त्यांच्याच आवाजात बोलला. पोराचा आवाज बाईचा कसा? मुलाचा आवाज बारा-तेराव्या वर्षी फुटतो, मालिका मात्र वर्षानुवर्षं चालते. जपानमध्येही हातोडीला १९८१च्या मालिकेत जुन्को होरी या बाईंचा आवाज होता. १९३६ साली जन्मलेल्या मासाको नोझावा या बाईंनीही १९८६पासून 'ड्रॅगन बॉल' मालिकेतल्या गोकू या पोराला आवाज दिला.

पुढची रांग हसते आहे. हसू नका. स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांचं जळगावशी नातं इथे काय सांगायचं, आपलं खुलं नाट्यगृहच त्यांच्या नावाचं आहे. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी लेक गेल्याचं दुःख गिळून ते रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्टही तुम्हाला पाठ आहे. पुरुषाने त्यातली नायिका भामिनी उभी केली, त्याला आपण कला म्हटलं. बाईने पोरगा उभा केला की ती नक्कल कशी होते?

आता डबिंगच्या खोलीत चला. दार बंद, कानाला हेडफोन, समोर पडदा, स्टँडवर संवादाचे कागद. हातातल्या बांगड्या आधी काढून ठेवायच्या, कारण माईक त्याही ऐकतो. कागद फडफडला की टेक गेला. पडद्यावरचे ओठ जितका वेळ हलतात तेवढ्यातच हिंदी वाक्य बसवायचं, त्यात धाप आणि हुंदकाही आला. समोरचं पात्र बहुधा तिथे नसतंच. त्याचं उत्तर कुणीतरी दुसऱ्या दिवशी येऊन देतं. भांडायचं, रडायचं, तेही एकटीने.

धुळ्याहून आलेले एक काका विचारताहेत, हातोडी आपल्या खानदेशी ढंगात 'काय भो' म्हणाला तर? (हशा) म्हणू द्या की! ओठ दोनदा उघडतात, मध्ये एकदा मिटतात. चपखल बसेल!

पण 'पोरं कार्टूनमुळे हिंदी बोलायला लागली' हा राग आवाज देणाऱ्या बाईवर काढू नका. मराठीत द्या, अहिराणीत द्या, असं आपल्यापैकी कुणी वाहिनीला कधी कळवलं?

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली. तर आवाजामागच्या नावांबद्दल थोडक्यात. नोबुयो ओयामा १९७९ ते २००५ जपानी कार्टूनमधल्या डोरेमॉनचा आवाज होत्या. २०२४ मध्ये त्या गेल्या, तेव्हा ती बातमी जगभर नावानिशी छापून आली. आपल्या हिंदी डोरेमॉनला आवाज देणाऱ्या सोनल कौशल यांचं नाव इथे किती जणांना ठाऊक होतं? हात वर करा.

दोन हात.

आज घरी गेल्यावर पोरांना ही नावं सांगा. आणि वाहिनीला एक पत्र टाका: कार्टूनच्या शेवटी आवाज देणाऱ्यांची नावं दाखवा, वाचता येतील इतका वेळ दाखवा.