धोका अस्मानी, आपत्ती जमिनीवरची
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गारा पडल्या, पाऊस रुसला, बोंडात अळी शिरली, की आपण कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, दैवाचा कोप! या कोपाचा आज जरा हिशेब मांडू.

धोका वेगळा, आपत्ती वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली. तो धोका. हजारो माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. ती आपत्ती. धोका आपल्याला थांबवता येत नाही, आपत्ती कमी करता येते.

भूकंप जमिनीच्या पोटातला. गारपीट, वीज, वादळ हवेतले. पूर आणि दुष्काळ पाण्याचे. अळी जिवाची. पण आपल्यासाठी खरा भेद निराळाच आहे. काही धोके झडप घालतात, काही दबक्या पावलांनी येतात.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारपीट झाली. झोपलेली शेते सगळ्यांना दिसली. पण पाते-फुलांच्या वेळी पावसाने तीन आठवडे दडी मारली, तर? कापूस हिरवाच दिसतो, खाली पात्यांचा सडा पडलेला असतो. ज्वारी निसवते, दाणा भरत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने हेच केले: बाहेरून बोंड हिरवे, आत सरकी किडलेली. रस्त्यावरून पाहणाऱ्या साहेबाला शिवार चांगले दिसते!

पूर्वी सारा भरवसा आणेवारीवर होता. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकाची स्थिती ही मोजमापे आणली. चांगले झाले. पण पाऊस मोजायचा मंडळाच्या पर्जन्यमापकावर. तिथे पडला म्हणजे तुमच्या शिवारात पडला, असे थोडेच आहे?

म्हणून माझे एकच मागणे आहे. प्रत्येक गावाने एक वही घालावी. कोणत्या तारखेला किती पाऊस, खंड किती दिवसांचा, पीक कोणत्या अवस्थेत, हे लिहावे. दर आठवड्याला एकरी वीस हिरवी बोंडे फोडून पाहावी. दोन किडकी निघाली तर फवारणीची वेळ आली, हेही कळेल. वही ग्रामसभेत वाचावी, नक्कल तहसिलीत द्यावी आणि पोच घ्यावी.

गारपिटीची साक्ष गारा देतात. दुष्काळाची साक्ष आपल्यालाच द्यावी लागते. पुढच्या बैठकीला येताना वही बरोबर आणा.